खो कोणी कोणास द्यावा

सप्ताहाची सांगता काल्याने होते हे वारकऱ्यास सांगावयास नको. सहा दिवस ज्ञान, वैराग्य, भक्ती यांचे निरूपण होते, आणि सातव्या दिवशी कीर्तनकार ती सारी जड भाषा बाजूस ठेवून गोपाळांच्या खेळात शिरतो. गाई राखणारी पोरे, त्यांच्या शिदोऱ्या, त्यांचे रुसवे, त्यांची झोंबाझोंबी. ज्या संतांनी आम्हांस अद्वैत शिकविले, त्यांनीच फुगडी, टिपरी, हमामा, विटीदांडू यांवरही अभंग रचले. ज्यास शंका असेल त्याने गाथा उघडून पाहावी. तेव्हा आज आम्ही एका मैदानावरच्या गोष्टी सांगू लागलो तर "बुवा भलतीकडेच निघाले" असे कोणी म्हणू नये.

निमित्त असे झाले. गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी आसपासच्या शाळांतील मुलामुलींच्या पथकांचा एक स्पर्धेचा दिवस झाला. खो-खो, कबड्डी, लेझीम आणि समूहगीत असे चार प्रकार. सकाळी आठास सुरुवात झाली ती ऊन कलेपर्यंत चालली. पालकमंडळी दोरीबाहेरून ओरडत होती, काही तर पंचांशीही हुज्जत घालीत होती. तो भाग आम्ही सोडून देतो. बक्षिसे वाटून झाली. एरवी येथे कार्यक्रम संपतो, ढाल हातात धरून फोटो निघतात आणि जो तो आपापल्या गाडीत बसतो. पण त्या दिवशी चालकांनी निराळेच केले. सगळ्या पथकांना त्यांनी मैदानातच मोठे रिंगण करून बसविले आणि सांगितले, "कोण जिंकलं ते फळ्यावर लिहिलेलं आहे. ते नको. आज आपण आपल्याच पथकातल्या मुलांशी कसे वागलो, तेवढं ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगावं."

समारोपाचे चार शब्द बोलावेत म्हणून आम्हांस बोलावले होते. ते चार शब्द राहूनच गेले, कारण मुलांचे संपेपर्यंत दिवेलागण झाली. आणि ते फार बरे झाले.

पहिली सात-आठ मुले निबंधाच्या वहीतले बोलली. एकीचे बळ मोठे, एका हाताने टाळी वाजत नाही, आम्ही सर्वांनी मिळून मेहनत केली. खोटे नाही, पण त्यात कोणाचेच काही गेले नव्हते. मोठ्या माणसांस जे ऐकावयास आवडते ते मुलांस बरोबर ठाऊक असते. कीर्तनातही नव्या बुवाची पहिली पंधरा मिनिटे अशीच जातात. चालक गुरुजींनी घाई केली नाही, "बरं, पुढं," एवढेच म्हणत राहिले. आणि हळूहळू वही मिटली.

लेझमीच्या पथकातली एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, माझी लेझीम एका ठेक्यानं मागं पडायची. मागं पडली की सगळ्यांना ऐकू जायचं. मग माझ्या शेजारची हळूच तोंडानं मोजायला लागली, एक-दोन-तीन-चार, मला ऐकू येईल एवढंच. परीक्षकांना कळलं नाही." एवढे बोलून ती बसली. ज्याने भजनात टाळ धरला आहे त्यास याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. नवख्याचा टाळ चुकतो तेव्हा जाणता टाळकरी त्याच्याकडे रागाने पाहत नाही. पाउली टाकता टाकता त्याच्या समोर येतो आणि आपला टाळ जरा ठळक वाजवितो. दोन ओळी समोरासमोर का असतात? एकमेकांचे हात दिसावेत म्हणूनही असतात.

मग कबड्डीतला एक दांडगा मुलगा उभा राहिला. त्याच्या शाळेचा सगळा भरवसा त्याच्या चढाईवर. तो म्हणाला, "मी पहिल्याच डावात बाद झालो. बाहेर बसलो. माझ्यामागं अजून दोघं बाद झाले. मला वाटलं, आता आपली शाळा गेली. मग त्या कोपऱ्यातल्या बारक्यानं पकड केली आणि मी परत आत आलो. सर, तो बारका आमच्याच वर्गातला आहे, पण मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो." सगळी मुले हसली. तो हसला नाही.

कबड्डीचा हा नियम आम्हांस फार दिवसांपासून आवडतो. बाद झालेला गडी आपल्या पराक्रमाने परत येत नाही. बाहेर बसून त्याने कितीही दंड थोपटले तरी काही उपयोग नाही. आत राहिलेल्या कोणीतरी समोरचा गडी बाद करावा तेव्हा हा आत येतो. आणि येतो तोही क्रमाने, जो आधी बाद झाला तो आधी. म्हणजे उत्तम चढाई करणारा, पण तो परत खेळतो तो दुसऱ्याच्या पुण्याईवर. वारकऱ्यास ही भाषा परकी नाही. आपण पंढरीस चालत गेलो असे आपण म्हणतो खरे, पण किती जणांनी आपल्याला आत घेतले होते ते मोजून पाहावे. दिवे घाटाची चढण आली की माउलींच्या रथास जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. नेहमीची जोडी काही दुबळी नसते, मानाची असते. पण घाट तो घाट.

राखीव खेळाडूंतला एक मुलगा तर उभाच राहीना. गुरुजींनी हाक मारली तेव्हा म्हणाला, "मी खेळलोच नाही, मी काय सांगू? मी पाणी दिलं." आम्हांस त्या वेळी दिंडीतली मंडळी आठवली, जी कधीच रिंगण पाहत नाहीत. पालखी रिंगणात उभी असते, अश्व धावतो, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात, आणि त्याच वेळी ही माणसे दोन कोस पुढे जाऊन तंबूच्या मेखा ठोकीत असतात, चुलीला दगड शोधीत असतात. त्यांस कोणी विचारले की वारीत काय पाहिलेत, तर तीही असेच म्हणतील, आम्ही काय पाहणार, आम्ही भाकऱ्या केल्या. त्या मुलास गुरुजींनी काही उपदेश केला नाही. "किती वेळा पाणी दिलंस?" एवढे विचारले. त्यास आकडा ठाऊक होता. कोणास किती वेळा दिले तेही ठाऊक होते.

येथवर सर्व गोड होते. आता ज्यासाठी हे लिहावयास बसलो ते सांगतो.

खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी झाले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कप्तान आपल्या महाराष्ट्राचे. तेथे एका बाजूस सातजण खेळले. शाळांतून आपण पाहत आलो तो नऊजणांचा खेळ. ज्यांनी शाळा सोडून पन्नास वर्षे झाली त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. दोन खांबांच्या मध्ये एका ओळीत आठजण बसतात, नववा पाठलाग करतो. बसलेल्यांची तोंडे एकाआड एक उलट्या दिशेस. पाठलाग करणाऱ्यास मधली ओळ ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत वळता येत नाही. पळणारा मात्र मोकळा. कसाही वळतो, कोठूनही ओळीतून आरपार जातो. म्हणजे एकटा पाठलाग करणारा त्यास धरू शकणारच नाही, असाच हा खेळ रचलेला आहे. त्याने करावयाचे काय? बसलेल्याच्या पाठीस हात लावून मोठ्याने "खो" म्हणावयाचे आणि तत्क्षणी त्याच्या जागी आपण बसावयाचे. बसलेल्याने उठावयाचे, पण खो मिळण्याआधी उठावयाचे नाही. आधी उठला की फाऊल.

या बसण्यातली एक गोष्ट पाहा. शेजारचा तोंड फिरवून बसलेला असतो. माझ्या वाट्यास अर्धे मैदान आले आहे, उरलेले अर्धे त्यास दिसते. सगळे मैदान कोणासच दिसत नाही. म्हणून शेजारी पाठ करून बसला आहे याचा राग मानावयाचा नसतो, तो आपल्याऐवजी तिकडे पाहत असतो. ज्ञानोबाराय खिन्न होऊन ताटी लावून आत बसले तेव्हा बाहेर कोण उभे होते? सर्वांत धाकटी मुक्ताबाई. ज्यांनी गीतेचा अर्थ नऊ हजार ओव्यांत मराठीस सांगितला, त्यांसही एक बाजू त्या घटकेस दिसत नव्हती. ती त्या लहानगीस दिसत होती, आणि तिने थोरल्या भावास ती स्पष्ट शब्दांत सांगितली. ताटीचे अभंग म्हणून ते प्रसिद्धच आहेत. भाऊ मोठा योगी आहे, आपण काय बोलावे, असे म्हणून ती गप्प बसली असती तर ताटी उघडली नसती.

असो. त्या दिवशी मुलींच्या खो-खोत शेवटच्या पाळीस एक गडी बाद करावयाचा होता आणि वेळ थोडका उरला होता. ओळीत बसलेली एक मुलगी खो मिळण्याआधीच उठली. पंचांनी शिट्टी दिली, पळणारी निसटली, वेळ संपला, आणि ती शाळा एका गुणाने हरली. त्यानंतर दुपारभर त्या मुलीशी पथकातले कोणी बोलले नव्हते. रिंगणातही ती जरा मागे, गुडघ्यांत डोके घालून बसली होती. त्यांच्या कप्तान मुलीने उभे राहून सांगितले, "आमचं सगळं चांगलं चाललं होतं, पण एकीच्या घाईनं गेलं." नाव घेतले नाही, पण मान तिकडे वळलीच.

तेव्हा त्याच पथकातली दुसरी एक मुलगी उठली. तिचे बोलणे आम्ही आमच्या शब्दांत सांगत नाही, ती बोलली तसेच देतो. "सर, खरं सांगू का? तिची एकटीची चूक नाही. मी तिला खो देतच नव्हते. दोन वेळा मी तिच्या पाठीमागनं गेले, ती बरोबर जागेवर होती, तरी मी पुढच्या मुलीला दिला. परवा आमचं डब्यावरनं भांडण झालं होतं. तिसऱ्या वेळी माझी पावलं ऐकून ती उठली. तिला वाटलं असेल, आता तरी देईल."

मैदानावर कोणी हलले नाही. गुरुजींनीही काही म्हटले नाही. जी गुडघ्यांत डोके घालून बसली होती ती मान वर करून एवढेच म्हणाली, "मला माहीत होतं." आणि पुन्हा मान खाली घातली. गोष्टींच्या पुस्तकात दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. येथे तसे झाले नाही. गुरुजींनी तसा आग्रहही धरला नाही, आणि आमच्या मते तेच योग्य केले. माफी मागावयास लावलेले मूल माफी मागण्याचे सोंग तेवढे शिकते.

बंधुभगिनींनो, "आता तरी देईल" हे तीन शब्द आम्हांस त्या रात्री झोपू देईनात. वरवर पाहता दोष कोणाचा? जी आधी उठली तिचा. नियमाच्या पुस्तकात तोच दोष लिहिलेला आहे, पंचास तोच दिसला, कप्तानास तोच दिसला. पण दोनदा जो खो दिला गेला नाही, त्यासाठी कोणत्याच पंचाकडे शिट्टी नाही. तो फाऊल नियमात बसत नाही. तो दिसतो फक्त दोघांना, ज्याने दिला नाही त्यास आणि ज्याची पाठ वाट पाहत राहिली त्यास.

आता मैदान सोडून आपल्या फडावर येऊ. आपल्याकडे दिंडी फुटते. अमक्या गावच्या एका दिंडीच्या दोन होतात, दोनांच्या तीन होतात. मागे राहिलेले म्हणतात, "त्यांना मान पाहिजे होता, धीर नव्हता, वेळेआधी उठले." असेलही. माणसास मान हवासा वाटतो, आणि वारकरी माणूसच आहे. पण आम्ही विचारतो, त्यांच्या पाठीमागून किती वर्षे पावले वाजत गेली? वीस वर्षे ज्याने दिंडीची भांडी घासली, सामान वाहिले, त्याच्या गळ्यात घटकाभर तरी वीणा पडली का? भजनात चाल लावण्याची पाळी कधी त्या तरुण पोराकडे गेली का, की नेहमीचेच तिघे एकमेकांस खो देत राहिले? ध्वनिक्षेपकाची कांडी एकदा ज्याच्या हाती जाते त्याच्या हातून ती सुटत नाही, हे तर प्रत्येक गावच्या सप्ताहात दिसते. आणि आपल्या लेकीसुना? हरिपाठ त्यांस आपल्याहून स्वच्छ पाठ असतो. त्यांस म्हणावयास पुढे किती जण बोलावतात ते ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजावे.

कोणी म्हणेल, महाराज, अपात्राच्या हाती मृदंग कसा द्यावा? देऊ नये. ज्यास ठेका येत नाही त्याच्या हाती मृदंग दिला तर सगळ्या भजनाचा विचका होईल. पण मग त्यास शिकविण्याचा प्रश्न उरतो, आणि तो आपण टाळतो. शिवाय खो-खोत खो कोणास द्यावयाचा असतो? सर्वांत चपळ मुलीस नव्हे, सर्वांत आवडत्या मैत्रिणीस तर नव्हेच. पळणारा ज्याच्या समोर आला असेल त्यास. त्या क्षणी त्या जागी जो बसला आहे तो पात्र. तो हळू धावत असेल तर चार पावलांवर तोही पुढच्यास देईल. खेळ थांबत नाही. "मी दिला तर हा घालवील" या भीतीने जो स्वतःच धावत राहतो तो दमतो, आणि बसलेले आठजण बसून आखडतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर निरूपण लंगडे होईल. खो देणे म्हणजे नुसते दुसऱ्यास उठविणे नव्हे, त्याच्या जागी आपण बसणे हा त्याचा अर्धा भाग आहे. पुष्कळ वडील मंडळी आता सर्व तरुणांवर सोपविले म्हणतात आणि उभीच राहतात. मैदानावर असे दोघे उभे राहिले तर पंच शिट्टी देईल. आपल्या परंपरेने हे वीणेच्या बाबतीत फार सुंदर बसविले आहे. अखंड वीण्याचा पहारा बदलतो तेव्हा वीणा भुईस टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. साठ वर्षांचा म्हातारा सोळा वर्षांच्या पोराच्या पायावर डोके ठेवतो. नाम क्षणभरही तुटत नाही. मग तो म्हातारा बाजूस बसतो आणि टाळ घेतो. रात्री दोनच्या पहाऱ्यास मुद्दाम उठून हे एकदा पाहावे. दिवसा गर्दीत त्याची किंमत कळत नाही.

हैबतबाबा आरफळकरांचे नाव वारकऱ्यास ठाऊक नाही असे होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखीस आजची शिस्त लावली. रथापुढे कोणत्या दिंड्या, मागे कोणत्या, कोणी केव्हा काय म्हणावयाचे, हे सारे त्यांच्यापासून चालत आले. एवढी मोठी फौज ज्याने उभी केली त्याची जागा आळंदीस कोठे आहे? महाद्वाराच्या पायरीशी. सर्वांस वाट देऊन बसलेला गडी असा असतो.

आणखी एक शंका काही जणांनी आमच्याजवळ काढली, की मुलांस स्पर्धाच कशाला. स्पर्धेतून मत्सर वाढतो, भक्तिमार्गात पहिला-दुसरा नसतो. ही गोष्ट आम्हांस पटत नाही. मत्सर स्पर्धेने आणला असता तर ती दोघी डब्यावरून भांडल्या नसत्या. मत्सर घरून बरोबर आला होता. मैदानावर तो उघडा पडला इतकेच. आणि उघडा पडला म्हणून एका तेरा-चौदा वर्षांच्या पोरीस तो सर्वांसमोर बोलून दाखविता आला. गोपाळही काही एकमेकांवर पुष्पवृष्टी करीत खेळत नव्हते. खेळावे, हरावे, जिंकावे, ढाल न्यावी. पण संध्याकाळी रिंगण करून बसावे. आमचा भर त्या संध्याकाळच्या बसण्यावर आहे. आंतरशालेय स्पर्धा सगळीकडे होतात, असे बसणे आम्ही तरी कोठे फारसे पाहिले नाही.

नवल असे की आपल्या वारीत ते रोज होते, आणि आपण त्याकडे नुसता एक विधी म्हणून पाहतो. माउलींची पालखी मुक्कामास तळावर येते. सर्व दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला चोप उंच करतात, आणि तो अफाट समाज क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही. ती आपले टाळ वाजवीतच राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे काय आहे ते विचारतात, त्याची वाट लावतात. हरवले-सापडले पुकारले जाते. मग समाजआरती होते. लाखांच्या मेळ्यात तक्रार कानात कुजबुजावयाची नाही, तंबूच्या मागे चार जणांस गोळा करून सांगावयाची नाही, दुसरी दिंडी काढून तर नाहीच. सर्वांसमोर टाळ वाजवून सांगावयाची, आणि आरतीच्या आधी. ती मुलगी मैदानावर उभी राहून बोलली तेव्हा आम्हांस हेच टाळ ऐकू आले. मात्र एक फरक होता. दिंडी आपले गाऱ्हाणे सांगते, या पोरीने दुसरीचे सांगितले, आणि तेही स्वतःविरुद्ध.

येत्या आषाढीस ज्या दिंड्यांबरोबर शाळकरी मुले येतील त्यांच्या चालकांस आमची विनंती आहे. रात्री जेवणे झाली, पातेली घासून झाली की अर्धी घटका मुलांस गोल बसवावे आणि त्या गुरुजींनी विचारले तेवढेच विचारावे. उत्तरे सुधारू नयेत. पहिले दोन मुक्काम मुले वहीतले बोलतील, तिकडे लक्ष देऊ नये. मोठ्यांपैकी कोणास त्या गोलात बसावयाचे असेल तर बसू द्यावे, पण त्याने आपल्या पाळीनेच बोलावे. आणि एका तरी मुक्कामास मुलांस समाजआरतीस न्यावे. तळावर उजेड असतानाच पोहोचावे, चोपदार दिसतील अशा जागी मुलांस पुढे उभे करावे. मागे राहिले तर पोरांना नुसत्या पाठी दिसतात.